भुजंगरावांची जितेपणीची तेरवी

ज्याची तेरवी जेवलो, त्याच्याच हातचा विडा खाऊन घरी आलेला माणूस सबंध कुंभार पिंपळगावात आता मी एकटाच उरलोय. म्हणून सांगून ठेवतो.

निजामाचं राज्य होतं, कोर्टकचेरी सगळी उर्दूत. भुजंगरावांना एकच घोर होता, आपल्यामागं विधवा बहीण सोनूबाईचं कसं व्हायचं. दोन्ही पोरं तशी वाईट नव्हती, पण आंब्याच्या दिवसांत कावळ्यांशीसुद्धा वाटणीवरून भांडायची. म्हणून विहिरीवरचा आंबा बहिणीच्या नावे करायला भुजंगराव जालन्याला गेले आणि अर्जनविसाकडून उर्दूत वसियतनामा, म्हणजे मृत्युपत्र, लिहवून आणला. अख्ख्या कागदात वाक्य एकच. सोबत आलेल्या, उर्दू जाणणाऱ्या नरहर मास्तरांनी ते परतीच्या गाडीत वाचायला घेतलं. अंबड मागं पडलं, बैलांचं पाणी पिऊन झालं, तरी क्रियापद काही आलं न्हाई.

भुजंगराव धास्तावले. आपण गेल्यावर याचा अर्थ कोण लावणार? मंग त्यांनी ठरवलं, एकदा मरूनच बघावं.

सोयऱ्यांना तेरवीचं आवतण गेलं. अंगणात पंगत बसली, पत्रावळीवर नुक्ती, म्हणजे गोड बुंदी, पडली. भुजंगराव धोतर पांघरून बाजेवर आडवे झाले. कागदाचा अर्थ लागल्याशिवाय कुणी घास उचलायचा न्हाई आणि मयतानं तोंड उघडायचं न्हाई, असं ठरलं होतं.

मास्तर वाचू लागले, "मन मुकिर, म्हणजे मी लिहून देणार, भुजंग वल्द रामकिसन..." माझ्या नुक्तीवरच्या माशा वाट बघून म्हाताऱ्या झाल्या. शेवटी अर्थ निघाला तो असा: विहिरीवरची गैरमनकूला, म्हणजे न हलणारी जायदाद सोनूबाईची, मनकूला, म्हणजे हलणारी, पोरांची.

थोरला मच्छिंद्र खूश झाला. "मंग झालं की. झाड हलत न्हाई, ते आत्याचं. आंबे खाली पडतेत, ते आमचे."

"बराबर," धाकटा बद्रीनाथ म्हणाला. "सावली बी हलती. ती बी आमची."

सोनूबाईनं वाढायचं पातेलं खाली ठेवलं.

बाजेवरून आवाज आला, "मेल्यांनो, आंबा म्हंजे समदा आंबा. फळ, पाला, सावली, समदं तिचं."

"आबा, तुम्ही मेलात. निजून राहा," मच्छिंद्र म्हणाला.

आता तेरवीला सोयरे थोरल्याच्या डोक्याला पागोटं बांधतात, तेव्हा कुठं तो घरचा कारभारी होतो. पागोटं होतं मच्छिंद्रच्या मामाच्या हातात. मामानं त्याची शांतपणे घडी केली आणि ते स्वतःच्या मांडीखाली घातलं. भुकेली पंगत मच्छिंद्रकडं बघू लागली. मीही बघितलं, आणि माझी नजर त्या काळी उभी बाभळ वाळवायची.

मच्छिंद्रनं पागोट्याकडं बघितलं, पंगतीकडं बघितलं.

"आंबा आत्याचा," तो म्हणाला. "झाड, फळ, सावली, समदं."

बद्रीनाथनंही मान हलवली. मामानं पागोटं बांधलं, सोनूबाईनं पातेलं उचललं. मयत उठून माझ्या शेजारी बसलं आणि माझ्यापेक्षा जास्त जेवलं.

पुढं भुजंगराव खरेच गेले. त्या तेरवीला मास्तर कागद काढायला लागले, तशी सगळी पंगत एका सुरात म्हणाली, "ऱ्हाऊ द्या मास्तर, जेवण थंड होतंय."

सोनूबाई त्या आंब्याखाली म्हातारी झाली. सावली जिकडं सरके, तिकडं तिची बाज सरकायची.