हिरवा पिंजरा

थर्मासचं झाकण तिने अर्धवट फिरवलं आणि पुन्हा घट्ट लावलं. आत बर्फात समुद्री स्पंजाच्या अर्काची बाटली होती, आणि दवाखान्यातल्या वॉर्डाच्या दाराआड खाटेवर बाबा बेशुद्ध पडले होते. मलेरिया मेंदूपर्यंत पोचला होता. सुई टोचली तरी ते हूं की चूं करत नव्हते.

"दे की," आई म्हणाली. "जन्मभर बुड्या मारून यांनीच तो स्पंज काढून आणला, आणि यांनाच नाही?"

"इंजेक्शनं चालू आहेत, आई. अर्क त्यांच्या जोडीला द्यायचा, पण तो अजून फक्त उंदरांनाच देतोय आम्ही."

"उंदरांना चालतो आणि बापाला नाही! हिरव्या पिंजऱ्यातले टुणटुण उड्या मारतात, हे तूच सांगितलंस ना?"

सांगितलं होतं खरं. मलेरिया झालेल्या उंदरांच्या एका रंगाच्या पिंजऱ्याला नुसतं नेहमीचं औषध, दुसऱ्या रंगाच्या पिंजऱ्याला जोडीला अर्क. कुठल्या रंगाला काय, हे तिच्यापासून मुद्दाम लपवलेलं होतं. आपला तो बाब्या म्हणणारी नजर हमखास फसते. म्हणून टोचायचं काम गुरुजींकडे. गुरुजी म्हणजे तिचे सहकारी. नुसतं टोपणनावच ते, उभ्या जन्मात त्यांनी कुणाला धडा शिकवला नव्हता. पण लाल पिंजरा ओस पडत गेला आणि हिरवा गजबजलेलाच राहिला, तेव्हा तिच्या तोंडात तीळ भिजला नाही. जेवताना घरी सगळं सांगून ती मोकळी झाली होती.

"रंग अजून उघडले नाहीत," ती म्हणाली. "हिरव्यात काय आहे, मलाच ठाऊक नाही."

मनातून मात्र तिला खात्री होती, हिरव्यात अर्कच असणार. तरी ती उठली, प्रयोगशाळेत गेली आणि बाटली फ्रीजमध्ये तिच्या जागी ठेवली. मग तिथेच फरशीवर बसून पोटभर रडली.

आईने अबोला धरला. बाबांनी डोळे उघडून पाणी मागितलं, तेव्हाही ती लेकीकडे पाठ करूनच उभी होती.

दोन दिवसांनी दुपारी गुरुजी दवाखान्यात आले. मायलेकी वॉर्डाबाहेरच्या बाकावर होत्या, मध्ये दोन माणसांची जागा सोडून.

"चाचणी संपली, रंग उघडले," गुरुजी म्हणाले. "हिरव्याला नुसतं नेहमीचं औषध होतं."

"आणि अर्क?"

"लालला."

पेला पुसणारा आईचा हात थांबला.

"लाल म्हणजे... मेले ते?"

लेकीने होकारार्थी मान हलवली. "उंदीर वेगळे, माणूस वेगळा, आई. दिला असता तर काय झालं असतं, कुणालाच सांगता येणार नाही."

आई सरकत सरकत लेकीला खेटून बसली आणि तिचा हात आपल्या मांडीवर घेतला.

"काय कुजबुजताय गं मायलेकी?" आतून बाबांचा बसका आवाज आला. "माझ्या स्पंजाने काय दिवे लावले, सांगा तरी! बरा झालो की आणखी खोलातून आणतो."

तिने तोंड उघडलं, पण आई आधीच उठली होती.

"अजून कळलं नाही म्हणे," आत जाता जाता आई म्हणाली. "तुम्ही आधी दूध प्या."