रोज आठ तास

सोमवार. झोप : आठ तास.

धादांत खोटं. पोरगी रात्रभर भिंतीला पाठ लावून बसली होती, पायांत चपला घालून. वय एकोणीस, आणि अजून पळायच्या तयारीत. लहानपणी बाप पिऊन आला की तिला कोठीच्या खोलीत कोंडायचा. बाहेरून कडी सरकली की समजायचं, आता आईची पाळी.

झोपेची ही वही समुपदेशक बाईंनी दिलेली. आधी झोप रुळावर आणू, मग बाकीचं, असं त्यांचं म्हणणं.

मंगळवार. आठ तास.

हेही खोटं. बाराव्या वर्षी तिला पदराखाली घेणाऱ्या मावशीनं शनिवारीच खोलीला बाहेरून नवी कडी ठोकून घेतली होती. पोरीला सुरक्षित वाटू द्या, असं बाईच म्हणाल्या होत्या ना!

"आता कोण पोचतंय तुझ्यापर्यंत, बघतेच. मी दाराला आडवी झोपते. लागलं काही तर हाक मार."

कोठीचं मावशीला ठाऊक नव्हतं. पोरीनं कधी सांगितलंच नव्हतं. आणि एवढ्या मायेनं लावलेली कडी काढ म्हणायचं कुठल्या तोंडानं?

बुधवार. आठ ता

इथं पेन घसरलंय. ती कामाला जाते त्या धुलाईखान्यात, चादरींच्या इस्त्रीयंत्रापाशी डोळा लागला. मनगट भाजलं.

"राणीसरकार, पलंग मागवू का?" मुकादम म्हणाला. मग हळूच, "पुन्हा डुलकी दिसली तर घरीच बसवीन. हात जाईल गं तुझा."

गुरुवार.

बाईंनी वही चाळली. "रोज आठ? मग आता इथं यायची गरज नाही."

मावशी खुलली. "कडीचा गुण, दुसरं काय!"

पोरीच्या मनात आलं, बाईंचं हे दार बंद झालं की मग सांगायचं कुणाला?

"मावशे, ती कडी सरकते ना... कोठीत बाबा तशीच..."

पट्टी बांधलेल्या हातानं तिनं पेन ओढलं आणि सगळे आठ खोडले. शून्य. शून्य. शून्य.

मावशी त्या आकड्यांकडे बघत राहिली. मग स्वतःच्या हातांकडे.

"रोज मीच लावत होते गं."

घरी आल्यावर मावशीनं नुसती कडी काढली नाही. बिजागऱ्या उखडून अख्खं दारच उतरवलं.

शुक्रवार. झोप : चाळीस मिनिटं.

बसूनच. चपलांसकट. पण खरी.

इस्त्रीयंत्र सकाळी सातला तापतं, आणि तिथं डुलकी चालत नाही.