गर्दीचा टेक

डबिंगवाल्यांच्या संमेलनात चेहऱ्याला कुणी विचारत नाही. उभा जन्म काचेआड, अंधाऱ्या खोलीत, दुसऱ्याच्या ओठांना आपला आवाज चिकटवण्यात गेलेला. चेहरा कुणी कशाला बघेल? म्हणून ती दारातून आत आली, गळ्यात बिल्ला अडकवला, चहाच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली, तरी कुणी वळून बघितलं नाही. तिला ते बरंच वाटलं. म्हणजे वाटलं असावं. हल्ली आपल्याला काय वाटतंय याचा अंदाजच बांधावा लागायचा.

मग ती चहा देणाऱ्याला म्हणाली, "साखर नको हं," आणि तीन डोकी एकदम वळली.

"अगं बाई! ही तर आपली रडकी!"

बोलणाऱ्या बाईला सगळे सासूबाई म्हणायचे. मालिका कुठल्याही भाषेतून येवो, त्यातली खाष्ट सासू हिच्याच गळ्यातून बोलायची. प्रत्यक्षात सुनेला उठायला उशीर झाला तर पायाचा आवाज न करता फिरणारी बाई. आणि 'रडकी' हे तिचं या धंद्यातलं नाव. सिनेमात तान्हं बाळ रडलं की खुशाल समजावं, हीच रडतेय. खऱ्या बाळाला स्टुडिओत आणून वेळेवर रडवता येत नाही, म्हणून मोठ्या बायका रडतात. हिच्याइतकं खरं कुणी रडत नसे.

"होतीस कुठे इतके महिने? गडपच झालीस."

"मुलगी झाली."

"मग मजाय की! घरातच मास्तरीण ठेवलीस. फुकटची शिकवणी."

सगळे हसले. तीही हसली. हसण्याचा आवाज तिला अजून काढता येत होता.

रडण्याचाच येत नव्हता. घोडं तिथेच अडलं होतं. न्हाणीघरात नळ सोडून तिने कितीदा करून पाहिलं. तोंड उघडायचं, पोट आत जायचं आणि बाहेर यायची नुसती हवा. हे तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. त्याच्या मागची गोष्ट तर स्वतःलासुद्धा अर्धवटच सांगितली होती. मुलगी रडली की तिला काही म्हणजे काही वाटत नसे. ती उठायची, पाजायची, लंगोट बदलायची, सगळं जिथल्या तिथे. पण आत सामसूम. कुलूप लावून माणसं गावाला गेल्यासारखी.

आणि आज जेवणाच्या सुट्टीआधी तिचा नंबर होता. डबिंगचे दिग्दर्शक, ज्यांना सगळे नुसते 'सर' म्हणत, त्यांनी फोनवर बजावलं होतं, "दोन मिनिटं मंचावर येऊन रड. लोकांना कळू दे परत आलीस ते. नाहीतर तुझी जागा जाईल, आणि मग माझ्या नावाने बोटं मोडू नकोस."

नवरा मुलीला छातीशी बांधून बाहेर व्हरांड्यात बसला होता. "तू जा बिनधास्त," तो म्हणाला होता. "आम्ही दोघं आवाज न करता बसतो."

आत सासूबाई मंचावर चढून खोकल्यांवर बोलत होत्या. "दमेकऱ्याचा खोकला पोटातून येतो," त्यांनी खोकून दाखवलं. "आणि सासूचा खोकला कुठून येतो? सुनेचा फोन वाजला की येतो!" सभागृह खदखदून हसलं.

तेवढ्यात दाराबाहेरून रडणं आलं. आधी बारीक कुरकूर, मग श्वास अडकल्यासारखी शांतता, आणि मग जो टाहो फुटला तो थेट छताला भिडला.

सगळे चिडीचूप. या लोकांची खोडच ती; आवाज आला की आधी ऐकायचं, बाकीचं नंतर. मग मागून कुणीतरी "वा!" म्हणालं, आणि टाळ्या पडल्या.

"रडकी, काय लागलाय गं आवाज आज!" सासूबाई माईकवरून ओरडल्या. "पण माझ्या खोकल्यात कशाला घुसलीस?"

लोक माना वळवून तिला दारात शोधू लागले. ती तिसऱ्या रांगेत बसली होती, तोंड मिटून. आणि करत काय होती? ऐकत होती. सुरुवात जरा खालून घेतलीय. मधला श्वास फार सुरेख. शेवट लांबलाय, पुढच्या टेकला आवरता येईल. एवढा सगळा हिशेब मनात होऊन गेल्यावर तिला कळलं, की ही आपली मुलगी आहे. तेही मनाला नाही कळलं. शर्ट पुढून ओला झाला होता. दुधाला कळलं, तिला नाही.

ती उठली. ती उठताच सभागृहाला आपली फजिती उमगली आणि असा हशा पिकला की काही विचारू नका.

व्हरांड्याच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ती पाजत बसली. नवरा म्हणाला, "झोपेतून दचकली गं. आत ऐकू आलं नाही का तुला?"

"आलं."

"मग?"

त्याने साधंच विचारलं होतं. "मधे माणसं होती," ती म्हणाली.

मुलगी झोपल्यावर ती सरळ सरांकडे गेली.

"सर, मी नाही रडणार."

"घसा बसलाय?"

"घसा ठीक आहे. येतच नाहीये. मुलगी झाल्यापासून गेलंय ते."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. त्यांना धीरबीर देता येत नसे. "बरं. मग त्या नव्या मुलीला उभी करतो."

ती गळ्यातला बिल्ला काढू लागली.

"निघालीस कुठे? तिच्यानंतर गर्दी आहे. माणसं कमी पडतायत. डावीकडे उभी राहा."

गर्दी म्हणजे सिनेमात मागे जी कुजबुज चाललेली असते, ती. दहा-बारा जण एका माईकभोवती अर्धगोल करून उभे राहतात आणि तोंडाला येईल ते बडबडतात. नियम दोनच. शब्द कळता कामा नयेत, आणि आवाज थांबता कामा नये. काही वाटण्याची गर्दीत कुणावरच सक्ती नसते.

नवी मुलगी रडून गेली. बरी रडली. मग मंचावर गर्दी उभी राहिली. तिच्या एका बाजूला सासूबाई आल्या. दुसऱ्या बाजूला खलनायक, म्हणजे सगळ्या खलनायकांचा आवाज असलेला, गळ्याला मफलर गुंडाळलेला गरीब गाय माणूस.

"दवाखान्याबाहेरची गर्दी," माईक स्पीकरवरून काढून रेकॉर्डिंगच्या मशीनला जोडत, कानांवर हेडफोन चढवत सर म्हणाले. "काळजीत आहे, पण बसून बसून कंटाळलेली. घ्या."

"गॅस संपलाय, त्यात पाहुणे येणारेत," सासूबाई सुरू झाल्या.

"मांजराला जंताचं औषध द्यायचंय," खलनायक घोगऱ्या आवाजात म्हणाला, जणू कुणाचा तरी मुडदा पाडायचाय.

तीही बोलू लागली. "पंखा दुरुस्त करायचाय, बाटल्या उकळायच्यात, मुलगी रडते तेव्हा मला काही वाटत नाही, बाटल्या उकळायच्यात, मघाशी रडली तर मी नुसती ऐकत बसले, छान रडतेय म्हटलं, पंखा आवाज करतो, आतून काहीतरी बंदच पडलंय माझं, कुणाला सांगू..." सूर तोच, ना वर ना खाली. असल्या गलक्यात कोण ऐकतंय!

"ऐकतोय मी," खलनायक त्याच घोगऱ्या सुरात पुटपुटला, समोर बघत. "मांजर चावतं फार, थांबू नका, गर्दी तुटेल, ऐकतोय."

"मलाही नव्हतं गं वाटत, थोरल्याच्या वेळी," दुसऱ्या कानाशी सासूबाई. "गॅस संपलाय, डॉक्टरीणबाईंकडे गेले, औषध घेतलं, पाहुणे येणारेत, नंबर देते तुला, आजच देते."

"कट!" सर म्हणाले. "डावीकडचे शब्द कळतायत."

ती सरांच्या हेडफोनकडे बघत राहिली. सगळं ऐकलं होतं त्यांनी. ते मात्र मशीनच्या बटणांकडे बघत होते.

"तुम्ही तिघं," ते म्हणाले, "शब्द जरा चावा. सूर आहे तोच ठेवा. दवाखान्याबाहेर माणसं असंच बोलतात." मग खाकरून, "पुन्हा घेऊ."

दुसऱ्या टेकला ती परत तेच बोलली, फक्त शब्द चघळून. दोन्हीकडून तेच दोन आवाज, तिच्या आवाजाला लागून. मोकळं वाटलं असं म्हणणं खोटं होईल. सासूबाईंचं कोपर तिच्या कोपराला टेकलं होतं, आणि ते काढून घ्यावंसं तिला वाटलं नाही, इतकंच.

"मंगळवारी स्टुडिओत गर्दी आहे," वायर गुंडाळत सर म्हणाले. "याल ना तिघं?"

"मुलीला आणावं लागेल."

"आण. बाहेर झोपव."

व्हरांड्यात नवरा उभा राहूनच झुलत होता. "झालं का रडून?"

"नाही रडले. गर्दीत होते."

"गर्दीत? काय बोललीस?"

पलीकडे सासूबाई पर्समध्ये पेन शोधत होत्या, सापडत नव्हतं, खलनायक आपलं पुढे करत होता. तिने मुलीला नवऱ्याच्या छातीवरून सोडवून घेतलं. मुलगी जड लागली.

"सांगते," ती म्हणाली. "बस जरा इथे."