तोटी आतल्या बाजूस

आंबागडच्या कृष्णरावांच्या ओसरीवर त्या सकाळी त्यांचा मुलगा इश्वर मान मोडून लिहीत होता. शहरातल्या तंत्रनिकेतनातलं त्याचं शेवटचं वर्ष. प्रोजेक्ट होता वाटसरूंसाठी पितळेची पाण्याची टाकी, आणि तिचं स्पेसिफिकेशन असं हवं की कासारानं एकही प्रश्न न विचारता ती घडवावी. पत्र्याची जाडी लिहून झाली, सांध्यांची झाळ झाली. तपासणीच्या रकान्यात त्यानं ऐटीत लिहिलं, 'तोटी बंद असता एक थेंबही गळू नये.'

"तोटी कोठी लावतं?" कृष्णरावांनी विचारलं.

"बाहेर, रस्त्याकडून."

"येडा झाला का? तळ्यापलीकडचे लोक हात लावतीन तिले! तोटी अंदर ठेव, नळी तेवढी भिंतीतून बाहेर काढ. आई सोडन पानी."

तळ्यापलीकडच्यांच्या ओंजळीत वरून पाणी सोडायचं आणि त्याला पुण्य म्हणायचं, ही या घरची जुनी रीत. इश्वरची लेखणी जराशी अडखळली. पण बापाशी वाद कोण घालणार? त्यानं लिहिलं, 'तोटी आतल्या बाजूस.'

टाकी बसली त्या दिवशी तळ्यापलीकडची कुंताबाई नळीकडे बघत उभी राहिली. भाताच्या रोवणीच्या दिवसांत याच इश्वरला तिनं शेतातल्या बांधीवर कडेवर घेऊन सांभाळलं होतं. विटाळ फक्त पाण्याचा होता, रडणारं पोर घेण्याचा नव्हता!

"बरं केलं बाबू. आता आईले हाका माराले नाही लागन," ती म्हणाली.

तोटी आत आहे, हे सांगायला त्याची जीभ रेटेना. तो नुसता हसला.

मे महिन्यात स्पेसिफिकेशनचा कागद घेऊन तो शहरात गेला. सरांनी पाठ थोपटली. संध्याकाळी गावात उतरला, तर घराच्या भिंतीशी माणसं गोळा झालेली. तेंदूपत्ता तोडून कुंताबाई भर दुपारी तिथं आली होती. उन्हाच्या झळांमुळे दारं लावून घर झोपलेलं. पानांचं ओझं बाजूला पडलं होतं आणि ती नळीखाली कलंडली होती. अंगात जीव नव्हता.

"मले आवाजच नाही आला रे!" इश्वरची आई गोदावरीबाई कपाळ बडवत होत्या.

"उन्हानं गेली. आपला काय दोष?" कृष्णराव पुटपुटले.

इश्वरनं नळीच्या तोंडात बोट घातलं. ती कोरडी ठणठणीत होती. टाकीनं त्याच्या लिहिण्याबरहुकूम काम केलं होतं. तो तिथेच बसला आणि लहान पोरासारखा रडला.

दुसऱ्या दिवशी त्यानं भिंत फोडली आणि तोटी रस्त्याकडे आणली.

"जातीतले लोक आपल्या घरचं पानी पिनार नाहीत!" कृष्णराव ओरडले.

"मी पिईन," इश्वर म्हणाला.

एवढ्यात कुंताबाईची लेक रुखमा त्या वाटेनं आली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

"रुखमा, तूच उघड. कोनी काही म्हननार नाही."

तिनं तोटीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"तहान माह्या मायले लागली होती, बाबू. मले नाही लागली."

पदरानं घाम पुसत ती तळ्याकडे चालू लागली. टाकी काठोकाठ भरलेली होती. वाचकहो, तिला माघारी बोलवायचं तर आपण कोणत्या तोंडानं बोलवावं?