व्हर्नाने न लिहिलेलं टिपण

"वाच बघू, व्हर्ना," कॉलेजचा अध्यक्ष ऑल्डन पिकेट म्हणाला.

व्हर्नाने कागद उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. एकतीस वर्षं ती इथे सभेची टिपणं लिहीत होती. अमेरिकेतल्या आयोवात क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींनी काढलेलं हे कॉलेज. अध्यक्षालाही नावानेच हाक मारायची. मतं मोजायची पद्धत नव्हती. सगळे शांत बसत, मन एक झालं की टिपण लिहून तिथेच वाचलं जाई. आज त्या शांततेत तिने तीनदा चष्मा पुसला.

कॉलेजचा गोठा बंद करायचा होता. मागच्या बाकावर गोठा सांभाळणारा डेल मेसी टोपी चुरगाळत बसला होता. पहाटे मुलं धारा काढतात, तेही शिक्षणच, हे सांगायला तो आला होता. पण तोंड उघडत नव्हतं.

"सगळ्यांचं एकमत, असंच लिहिलंयस ना?"

"नाही."

"म्हणजे?"

"गप्प बसणं म्हणजे हो म्हणणं नव्हे, ऑल्डन. डेलला विचारलंत कुणी?"

"अगं, तुझं काम लिहायचं!" कुणीतरी हसलं.

"तेच करतेय. खोटं लिहायचं असेल तर दुसरी कुणी बघा."

सगळे मागे वळले. डेल उठला. "मला सभेत बोलता येत नाही. गाई चांगल्या आहेत. पोरंही." आणि तो बसला.

विषय महिनाभर पुढे गेला. तो महिना व्हर्नाला स्वस्थता नव्हती. ती जेवता जेवता उठे. रविवारच्या मूक प्रार्थनेतूनही दोनदा बाहेर जाऊन आली. पुढच्या सभेच्या आदल्या दिवशी तिची बदली परीक्षा विभागात झाली आणि टिपणं लिहायचं काम दुसऱ्याकडे गेलं. डेलला सभेला बोलावलंच नाही. ठराव एकमताने झाला.

एप्रिलमध्ये ट्रक आला. व्हर्ना हातातलं काम टाकून गोठ्यावर गेली. डेलने धरलेली शेवटची गाय ट्रकला लावलेल्या फळीवर पाय ठेवेना.

"ढकलू का मागून?"

"नको गं. नुसती उभी राहा तिच्याजवळ. चढेल ती."

बऱ्याच वेळाने गाय चढली. ट्रक मक्याच्या उघड्या शेतांपलीकडे गेला, तसा डेलने खराटा घेतला.

"आता कशाला रे धुतोस?"

"घाण टाकून कसा जाऊ?"

व्हर्नाने ऑफिसचे बूट काढले, मोजे त्यात खोचले आणि पाण्याची नळी हातात धरली.