सतरा मिनिटं पुढची खोली

मंडळाच्या कचेरीतली अभिलेखांची खोली बाकीच्या इमारतीपेक्षा सतरा मिनिटं पुढे होती. बाहेरून वाफाळता चहा आत नेला की कपात साय धरलेली असायची, आणि तोच कप बाहेर आणला की पुन्हा वाफ. शिपायांनी याचा कधी बाऊ केला नाही. ते चहा दारातच पिऊन टाकत.

याचं कारण एकट्या उमाकांत दाभाडेला माहीत होतं. कचेरीतले सगळे संगणक तोच सांभाळायचा. त्या खोलीतला म्हातारा सर्व्हर नऊ वर्षांपूर्वी पुढे पळायला लागला, तेव्हा त्याच्या घड्याळाचा बटणाएवढा सेल बदलायचा होता आणि नेटवर्क कार्डाला योग्य ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारी आज्ञावली, द्यायचा होता. उमाकांतने हाताला लागला तो, दुसऱ्याच कार्डाचा ड्रायव्हर टाकला. हिरवा दिवा लुकलुकला, स्वारी खूश. सेलची पुडी खिशातच राहिली. देखभाल वहीत मात्र त्याने लिहिलं, ‘सेल बदलला. ड्रायव्हर टाकला. वेळ बरोबर.’ खाली झोकात सही.

त्या खोलीत कमलिनी सुतार, म्हणजे सुतारबाई, एकट्या बसत. त्यांच्या हजेरीचं अंगठ्याचं यंत्र याच सर्व्हरला जोडलेलं. दहाच्या ठोक्याला अंगठा लावला की यंत्र दाखवी दहा सतरा. तीन लेटमार्क झाले की एक रजा कापली जाई. बाईंनी एकदा तक्रार केली, तेव्हा कचेरीचे प्रमुख खराडेसाहेब यांनी वही मागवली. वहीत वेळ बरोबर होती. बाई ओशाळून परत आल्या आणि दुसऱ्या दिवसापासून आधीच्या एसटीने यायला लागल्या. पण त्या जेवढ्या लवकर येत, तेवढा खोलीकडचा बोळ लांब होई.

उमाकांत रोज बघायचा. बाई डबा सावरत त्या बोळातून घामाघूम होऊन येत आणि वर त्यालाच म्हणत, “तुम्ही यंत्र नीट केलंत भाऊ, माझं मेलीचंच पाऊल उचलत नाही.” त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तरी तो काही बोलला नाही. नऊ वर्षं.

आज बाई निवृत्त होत होत्या. चार वाजता सभागृहात निरोप समारंभ होता. मंडळाच्या रीतीप्रमाणे खराडेसाहेब सेवापुस्तकातला शेवटचा शेरा सगळ्यांसमोर वाचणार आणि सही करणार होते. सही झाली की शेरा कायमचा.

पावणेचारला उमाकांत तीच जुनी पुडी घेऊन खोलीत गेला. आत चार वाजून दोन मिनिटं झाली होती. बाई कपाटांना कुलपं लावत होत्या. त्याने सर्व्हरचं झाकण उघडलं.

आतून चिठ्ठ्या भसाभसा बाहेर आल्या. नऊ वर्षं बाईंनी अंगठा लावला की हा सर्व्हर मुख्य कचेरीला बरोबर वेळ विचारत होता आणि तिकडून रोज उत्तर येत होतं. चुकीच्या ड्रायव्हरला ते आत घेता येत नव्हतं, म्हणून सगळी उत्तरं कार्डामागे साठली होती. प्रत्येक चिठ्ठीवर एक तारीख होती आणि पुढे, दहा वाजून शून्य मिनिटं.

बाई खाली बसल्या. सवयीने त्यांनी चिठ्ठ्या तारखेवार लावायला घेतल्या. गठ्ठा झाला की लाल फीत.

“म्हणजे मी वेळेवर येत होते,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“रोज?”

“रोज. मी सेल बदललाच नव्हता बाई. वहीत खोटं लिहिलं.”

हे बोलताना त्याला रडू फुटलं. खोलीत तेव्हा चार वाजून तीन मिनिटं झाली होती. बाईंनी फितीची गाठ मारली आणि गठ्ठा त्याच्या हातात दिला.

“आता हे बाहेर सांगा.”

“सांगतो.”

“बाहेर तुम्ही हे अजून बोललेला नाहीत, भाऊ. तिकडं अजून पावणेचारच वाजलेत.”

तो उंबरा ओलांडून बाहेर आला. डोळे कोरडे होते. हातात गठ्ठा नव्हता, न फोडलेली सेलची पुडी होती. आत बोललेलं सगळं पुन्हा तोंडात होतं, गरम. हवं तर गिळता आलं असतं. तसा विचार आपल्या मनात आला याची त्याला त्या खोट्या सहीपेक्षाही जास्त लाज वाटली.

चारला बाई स्टेजवर हार घालून बसल्या. दोन मिनिटांनी साहेबांनी सेवापुस्तक उघडलं.

“काम चोख,” त्यांनी वाचलं. “मात्र वक्तशीरपणाचा अभाव.”

मागे कुणीतरी हसलं. उमाकांत उभा राहिला. खुर्ची वाजली, तशा सगळ्या माना वळल्या.

“बोला दाभाडे,” साहेब म्हणाले आणि पेनाचं टोपण काढलं.

बाईंनी हार जरा बाजूला सारून मनगटावरचं घड्याळ पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं. चार वाजून तीन मिनिटं झाली होती.