सुईत शिरलेला रिठा

मित्रांनो, मी एक जुना सापोनिन आहे. नाव बोजड आहे, पण माणूस साधा आहे. म्हणजे माणूस नाहीच म्हणा, पूड आहे. ज्यानं डोकं धुताना डोळे चुरचुरतात तो रिठा माहीत आहे ना? त्याच्या सालीतून काढलेली पांढुरकी पूड म्हणजे मी. रबरी बुचाच्या एवढ्याशा बाटलीत राहतो. जवळ या, पण वास घेऊ नका. मागं एका प्राध्यापकांनी घेतला होता. सलग एकवीस शिंका! चष्मा उडून मोरीत गेला आणि वर्गातली पोरं मोजत बसली.

हो, मी खोडकर आहे, लाजतो कशाला. पण आज सांगणार आहे ती गोष्ट खोडीची नाही. त्या दिवशी मी इतका घाबरलो होतो की आजही स्पिरिटचा वास आला की माझे गोळे होतात.

माझा जन्म कलघटगीकडच्या रानातला. झाडावरून पोत्यात, पोत्यातून हुबळीच्या दाजीबानपेठेत. तिथून प्रभंजन नावाच्या एका किडकिडीत तरुणानं मला पिशवीत घालून धारवाडला आणलं. ही सत्त्याहत्तर सालची गोष्ट. तो युनिव्हर्सिटीत रसायनशास्त्रात संशोधन करत होता. त्यानं माझ्या बिया काढल्या, साल वाळवली, कुटली, स्पिरिटमध्ये भिजवली, गाळली, आटवली. आणखी दोन-तीन द्रवांत मला घुसळलं आणि शेवटी ईथरमध्ये थेंब थेंब सोडलं. तिथं मी तळाला बसलो, हलका आणि स्वच्छ. तीन किलो सालीतून मूठभर मी! प्रभंजन नाचला होता हो त्या दिवशी.

माझी घडण मोठी मजेची आहे. माझं एक अंग तेलाकडं ओढ घेतं. दुसऱ्या अंगाला साखरेचे मणी ओवलेले आहेत, ते पाण्याकडं धावतं. या ओढाताणीतून फेस होतो. साधा फेस नाही, तासभर न मोडणारा. नळीत चिमूटभर टाकून हलवलं की मी बुचापर्यंत चढायचो आणि प्रभंजनच्या हातावर सांडायचो. आणि उकळलं तरी माझं काही बिघडत नाही. याचा मला फार गर्व होता.

मग एके दिवशी प्रभंजननं थर्मासमधून बकऱ्याचं रक्त आणलं. खारट पाण्यात मिसळून नळ्यांत ओतलं. गढूळ, लाल, दुधासारखं दाट. प्रत्येक नळीत माझा एकेक थेंब टाकला. मला वाटलं, चला, इथंही गंमत करू. आणि बघतो तर काय, रक्तातल्या त्या इवल्या तांबड्या पेशी माझ्या अंगाखाली फुटत होत्या. त्यांच्या कातडीत कोलेस्टेरॉल नावाचा स्निग्ध पदार्थ असतो. मी त्याला जाऊन चिकटतो, कातडीला भोकं पडतात आणि आतलं सगळं बाहेर येतं. क्षणभरात नळी आरपार दिसायला लागली. सुंदर लाल. एकही पेशी शाबूत नाही.

प्रभंजननं वहीत खूण केली आणि शीळ घातली. माझं हसू मात्र तिथंच मेलं. त्या दिवसापासून मला माझीच भीती वाटायला लागली.

आता ती बाटली कुठून आली ते ऐका, कारण सगळा घोटाळा तिच्यामुळं झाला. धारवाडचा पावसाळा म्हणजे भिंतीसुद्धा घाम गाळतात. मी हवेतलं पाणी ओढून चिकट व्हायचो. म्हणून प्रभंजननं जवळच्या दवाखान्यातल्या बाबू कंपाउंडरकडून इंजेक्शनची रिकामी बाटली मागून आणली. तेव्हा कितीतरी इंजेक्शनं पुडीच्या रूपात यायची. रबरी बुचातून पाणी सोडायचं, हलवायचं, ओढून घ्यायचं आणि टोचायचं. प्रभंजननं बाटली धुतली, वाळवली. आधीची चिठ्ठी अर्धी खरवडली, अर्धी तशीच राहिली. तिच्यावर शाईनं एकच शब्द लिहिला, ‘शुद्ध’. मला आत भरलं आणि खोलीतल्या फळीवर ठेवलं.

ती खोली धारवाडच्याच सप्तापुरात, मुकुंदरावांच्या घरात, भाड्याची. मुकुंदराव कोर्टातले निवृत्त शिरस्तेदार. आवाज मोठा, आणि खोकला त्याहून मोठा. सकाळी ते खोकायला लागले की समोरच्या झाडावरचे कावळे उडायचे. गोळीवर त्यांचा विश्वास नव्हता, पातळ औषधावर त्याहून नव्हता. “सुई टोचत नाही तो डॉक्टर कसला? पोस्टमास्तर तो!” असं म्हणायचे. एकटे तेच नव्हेत, अख्खं सप्तापूर तसंच होतं. ताप आला सुई, अशक्तपणा आला सुई. बाबू कंपाउंडर सायकलला डबा अडकवून घरोघर जायचा.

एकदा जेवताना प्रभंजननं बढाई मारली. “काका, माझ्या पुडीसारखे पदार्थ खोकल्याच्या औषधात घालतात. पोटात गेले की कफ पातळ होतो.”

खरं होतं ते. पोटात मी थोडी चुळबुळ करतो आणि तिकडं छातीतला कफ सुटायला लागतो. मी अंगानं आडदांड, आतड्याच्या भिंतीतून सहसा रक्तात शिरत नाही. म्हणून तोंडावाटे बेतानं घेतला तर बहुतेक निभतं. पण वाट बदलली तर? ते प्रभंजन सांगणारच होता. तेवढ्यात कृष्णाबाईंनी, म्हणजे मुकुंदरावांच्या पत्नीनं, ताटात भाकरी वाढली आणि बोलणं तिथंच राहिलं. मुकुंदरावांनी अर्धं वाक्य उचललं आणि मनात ठेवलं.

पुढच्या रविवारी प्रभंजन आणखी रिठे आणायला हुबळीला गेला. दुपारी बाबू आला तर मुकुंदराव शर्टाची बाही वर करून तयार बसलेले. हातात मी.

“काय अण्णा, आज काय?”

“आज हे दे. एकदम नवीन आहे. युनिव्हर्सिटीतलं.”

बाबूनं बाटली उजेडाला धरली. आपल्याच दवाखान्यातली बाटली, रबरी बूच, आत पांढरी पूड. “लिहून कुणी दिलंय?”

“प्रभंजननं केलंय स्वतः. दोन वर्षांत डॉक्टर होतोय तो.”

“यप्पा! तो सुईचा डॉक्टर नव्हे अण्णा, पुस्तकाचा.”

“मग जास्तच शिकलेला की! आणि हे वाच, काय लिहिलंय? शुद्ध. तुझ्या दवाखान्यातल्या एका तरी बाटलीवर लिहिलंय का शुद्ध म्हणून?”

बाबूनं बाटली खाली ठेवली. वीस वर्षं तो या घरात येत होता आणि मुकुंदरावांना नाही म्हणायची त्याची छाती नव्हती. त्यानं डबा उघडला. स्पिरिटच्या दिव्यावर काचेची पिचकारी आणि सुई उकळायला ठेवली.

मित्रांनो, मी बाटलीत ओरडत होतो. पण पुडीचा आवाज कोण ऐकणार? नळ्यांतलं ते आरपार लाल पाणी माझ्या डोळ्यांसमोर नाचत होतं. तिथं बकऱ्याचं रक्त होतं. इथं जिवंत माणूस होता, सकाळी माझ्या फळीखाली बसून पेपर मोठ्यानं वाचणारा.

बाबूनं मिठाच्या पाण्याची काचेची कुपी फोडली. कट्‌ झालं आणि काच त्याच्या अंगठ्यात घुसली. “थत्‌!” म्हणत त्यानं बोट झटकलं, कापूस दाबला आणि तसंच पाणी माझ्या बाटलीत सोडलं. उरलेलं बाजूच्या स्टीलच्या वाटीत ओतून ठेवलं. मग बाटली हलवली.

मला एकच गोष्ट येते, फेस करणं. ती मी जीव तोडून केली. काठोकाठ फेस! बाबू दचकला. “काय हे अण्णा, ह्याला केवढा फेस!”

“ताकद आहे त्यात. तू ओढ की.”

आणि बाबू हुशार निघाला हो! त्यानं बाटली उलटी केली. फेस वर राहिला, स्वच्छ पाणी खाली आलं आणि तेवढंच त्यानं ओढून घेतलं. माझा सगळा फेस फुकट गेला. मी सुईत शिरलो. दोन सीसी मी, समोर पिवळसर दंड, त्यावर स्पिरिटचा बोळा फिरतोय. दंड बारीक होता, म्हाताऱ्या माणसाचा. कातडीखालून निळी शीर दिसत होती.

“थांबा!”

कृष्णाबाई परसातून आल्या होत्या. त्यांची नजर मुकुंदरावांवर नव्हती, बाटलीवर होती. त्या पुढं आल्या, सुईच्या भोकातून बुचावर आलेला फेस बोटावर घेतला, चोळला आणि जिभेला लावला.

“थू! रिठा आहे हा!”

“असेल,” मुकुंदराव म्हणाले. “रिठ्याचं सत्त्व ते. जिन्नस आपलाच, घरचा. चाळीस वर्षं डोक्याला लावतेस, मेलीस का?”

“डोक्याला लावते, शिरेत घालत नाही. बाबू, सुई बाजूला घे.”

“सुई शिरेत नाही अक्का, दंडात…”

“तू गप्प बस. अहो, त्या वर्षी विळीवर माझं बोट कापलं आणि इरकली साडीवर रक्त सांडलं, आठवतंय? साबणानं गेलं नाही. रिठ्याच्या पाण्यात बुडवलं तर माझ्या डोळ्यांदेखत गेलं. साडीतलं रक्त खातंय हे पाणी. तुमच्या अंगातलं सोडंल?”

“साडी वेगळी, माणूस वेगळा!” मुकुंदराव गरजले. त्यात खोकला आला आणि ते लालबुंद झाले. “दे रे तू! कोर्टात असले पुरावे फेकून देत होतो मी!”

बाबूची सुई पुन्हा दंडाजवळ आली. कृष्णाबाईंनी त्याचं मनगट धरलं.

“पुरावा पाहिजे? देते. पिचकारीतलं थोडं ह्या दुसऱ्या, रिकाम्या वाटीत सोड. तुझ्या अंगठ्यातनं गळतंयच, एकेक थेंब दोन्हीकडं टाक. रक्ताला काही झालं नाही तर खुशाल टोच, मी बोलणार नाही.”

बाबूनं मुकुंदरावांकडं बघितलं. त्यांनी मान उडवली. “बघू दे तिला. मग तरी जीव थंड होईल.”

कृष्णाबाईंची भांडी तुम्हाला ठाऊक नाहीत. प्रत्येक वाटीच्या तळाशी नवऱ्याचं नाव कोरलेलं. बाबूनं पिचकारीतून थोडा मी दुसऱ्या वाटीत सोडला आणि अंगठा दाबला. पहिला थेंब मिठाच्या पाण्यात पडला. वाटी हलवली तसं पाणी गढूळ लाल झालं, तळ दिसेना. दुसरा थेंब माझ्यावर पडला.

मला नको होतं, मित्रांनो. शपथेवर सांगतो, मला नको होतं. पण माझा स्वभाव मला थांबवता येत नाही. त्या पेशी आल्या आणि मी त्यांना चिकटलो. एक फुटली, शंभर फुटल्या, लाखो फुटल्या. गढूळपणा विरत गेला. पाणी लाल काचेसारखं स्वच्छ झालं आणि तळाशी कोरलेलं नाव स्पष्ट दिसायला लागलं.

मुकुंदराव वाकले आणि स्वतःचं नाव वाचलं. मग दुसऱ्या वाटीत बघितलं. तिथं नाव झाकलेलंच होतं.

बाबूनं वीस वर्षं रक्त बघितलं होतं, पण असं कधी नाही. त्यानं पिचकारी ताटलीत ठेवली. “अण्णा,” तो म्हणाला, “मी टोचलं असतं. अक्का आल्या नसत्या तर मी टोचलं असतं.”

मुकुंदरावांनी बाही खाली केली. कृष्णाबाईंनी तिचं बटण लावून दिलं आणि मग पदर तोंडाला लावून त्या आत गेल्या. इतका वेळ लोखंडासारखी उभी राहिलेली बाई, चुलीपुढं बसून हमसून हमसून रडली.

संध्याकाळी प्रभंजन रिठ्याची पिशवी घेऊन परत आला. मुकुंदरावांनी त्या दोन वाट्या त्याच्यापुढं ठेवल्या. त्याला एका नजरेत कळलं. तो पांढरा पडला, माझ्याहून पांढरा.

“किती… किती दिलं?” एवढंच त्याला विचारता आलं.

“दिलं नाही,” कृष्णाबाई आतून म्हणाल्या. “पण तू काय केलंस, सांग. औषधाच्या बाटलीत औषध नसलेलं भरलंस. वर शुद्ध लिहिलंस. इतकं शिकलास बाबा, आणि काय आहे तेवढं लिहायला शाई कमी पडली?”

प्रभंजन त्यांच्या पाया पडला. मुकुंदरावांच्या पाया पडायला गेला तेव्हा ते म्हणाले, “माझ्या नको. मी अर्धं ऐकलं आणि पुरा निकाल दिला. शिरस्तेदार म्हणे!”

त्याच संध्याकाळी माझ्या बाटलीवर नवी चिठ्ठी लागली. लाल शाईत, मराठीत आणि कन्नडात: रिठ्याचा सापोनिन. औषध नव्हे. टोचू नये, रक्तपेशी फुटतात. बाबूनं दुसऱ्या दिवसापासून एकही रिकामी बाटली कुणाला दिली नाही. दवाखान्यामागं दगडावर फोडायचा, आणि प्रत्येक वेळी तोंड फिरवायचा. मुकुंदराव मात्र डॉक्टरांनी दिलेलं गोड औषध चमच्यानं घ्यायला लागले, रोज शिव्या देत.

ते आणखी नऊ वर्षं जगले. मी बरीच वर्षं त्याच फळीवर होतो. सकाळी त्यांचा खोकला सुरू झाला की मी कान टवकारायचो. एखाद्या दिवशी उशीर झाला की माझा जीव उडायचा. मग खोकला यायचा, कावळे उडायचे आणि मला वाटायचं, आहेत, आपल्या हातून गेले नाहीत.

आता मी प्रयोगशाळेतल्या कपाटात असतो. नवी पोरं येतात, झाडपाल्यातून काढलेलं म्हणजे निरुपद्रवी असं सर्रास म्हणतात. मला घाम फुटतो. मित्रांनो, मी झाडाचाच आहे आणि शुद्धही आहे. तरी मला विचारल्याशिवाय माझ्यावर विश्वास ठेवू नका. बाटलीत काय आहे, ते कशासाठी आहे आणि अंगात कुठल्या वाटेनं जायचं आहे, हे तीन प्रश्न आधी विचारा. समोरचा वयानं मोठा असू दे, आवाजानं मोठा असू दे. आणि घरात कुणी “थांबा” म्हणालं, तर सुई खाली ठेवून त्या माणसाचं पुरतं ऐकून घ्या. मला थांबता येत नाही हो. तुम्हाला येतं.